व्हर्ननच्या वजनाची चोरी

"डेल्बर्ट ऑसेनकॉप. खासगी तपास, गुप्त चौकशी, गुंतागुंतीची प्रकरणं. तुमचा ट्रक डावीकडे घ्या, मेंढ्यावाल्यांच्या मागे."

हॅकबेरी काउंटीच्या जत्रेत गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला डेल्बर्ट आपली ओळख अशी करून द्यायचा. अंगात नारिंगी जाकीट, हातात झेंडी, गळ्यात शिट्टी. जाकिटाच्या पाठीवर जत्रा कमिटीने मोठ्या अक्षरांत 'पार्किंग' छापलं होतं. डेल्बर्टच्या मते ते वेषांतर होतं.

"लोकांना वाटतं मी गाड्या लावतो," तो बायकोला म्हणायचा, "आणि मी त्यांना तसं वाटू देतो. खरं सांगू लव्हॉन? माझ्यासारखं डोकं अख्ख्या नेब्रास्कात दुसरं नसेल. टायरवरचा चिखल बघून मी सांगतो, माणूस कुठल्या काउंटीतून आलाय."

"ते नंबरप्लेटवर असतं, डेल्बर्ट."

"प्लेट मी फक्त खात्री करायला बघतो."

लव्हॉन आपल्या कामाला लागायची. जत्रेत चर्चच्या बायकांचं फळं भरून भाजलेल्या पाईंचं दुकान असायचं, तिथे तिचा मुक्काम. बाकी वेळ ती नवऱ्याची मदतनीस. या कामावर तिला कुणी नेमलेलं नव्हतं, त्यामुळे राजीनामा द्यायचीही सोय नव्हती.

डेल्बर्टचा जन्म गेला धान्याच्या कोठारावर, काट्याशी. मक्याचे ट्रक आत येताना तोलायचे, बाहेर जाताना तोलायचे. रिटायर झाला आणि पहिल्याच वर्षी जत्रेत एका बाईंची हरवलेली कवळी त्याने शोधून दिली. ती कवळी पाकवलेल्या सफरचंदात रुतलेली होती आणि ते सफरचंद त्या बाईंच्याच हातात होतं. पण शोधली त्याने, हे खरं. तेव्हापासून त्याच्यातला गुप्तहेर जो उठून बसला, तो पुन्हा काही आडवा झाला नाही.

आता ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी त्याच्या नातीचं, हॅडलीचं, डुक्कर जत्रेत होतं.

डुकराचं नाव व्हर्नन. हे नाव डेल्बर्टच्या वडिलांचं. म्हणजे कुणी चेष्टेने ठेवलं असं नाही हं. पिल्लू जन्मलं ते सगळ्यांत लहान, बुटाच्या खोक्यात मावेल एवढं. आईजवळ त्याला भावंडं टेकू देईनात, म्हणून हॅडलीने त्याला कपडे धुवायच्या खोलीत ठेवून बाटलीने दूध पाजलं. ते बाटलीला असं भिडायचं, की डेल्बर्टची आई, ओपल, बघून म्हणाली, "अगदी आमचे हेच. जेवायला बसले की घराला आग लागली तरी मान वर करायचे नाहीत." झालं. नाव पडलं. तेव्हापासून डेल्बर्ट डुकराच्या कप्प्यापुढे जरा ताठ उभा राहायचा. एकदा तर चुकून टोपी काढली होती.

पण हॅडलीच्या दृष्टीने यात चेष्टेचं काही नव्हतं. शेतावर थोरल्या व्हर्ननने स्वतःच्या हाताने बांधलेलं डुकरांचं जुनं शेड होतं. हॅडलीचा बाप, क्रेग, ते पाडून तिथे यंत्रं ठेवायला पत्र्याची इमारत उठवणार होता. पोरीने डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा तो म्हणाला, "हे तुझं खारीएवढं डुक्कर जत्रेच्या काट्यावर पास झालं, तर शेड तुझं. नाही झालं, तर मी मोजमाप घ्यायला लागतो." जत्रेचा नियम असा, की दोनशे वीस पौंडांच्या खालचं डुक्कर रिंगणात येऊ द्यायचं नाही. त्याला मागच्या दाराने घरी पाठवतात.

तर पोरीने त्या डुकरासाठी काय केलं नाही? शेतकऱ्यांच्या पोरांच्या क्लबाने दिलेला तक्ता भिंतीला लावला आणि खाणं चमच्या-चमच्याने मोजून घातलं. रोज त्याला रस्त्याकडेने काठीने हळूहळू चालवलं, मान वर ठेवायला शिकवलं, अंघोळ घातली, पाठीवर ब्रश फिरवला. आणि जत्रेला निघायच्या सकाळी घरच्या काट्यावर व्हर्नन भरला दोनशे सत्तावीस! क्रेगने काटा दोनदा तपासला, आणि खिशातली मोजपट्टी खिशातच राहू दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओपलने डेल्बर्टला फोन केला होता. लव्हॉन शेजारीच बसली होती.

"डेल्बर्ट, ऐक, व्हर्ननच्या पाण्याचं..."

"आई, तिथे पाण्याची काही कमी नाही. नळ आहेत. आणि सुरक्षा माझ्याकडे आहे. मी असताना त्या डुकराच्या केसाला धक्का लागणार नाही. माझी पद्धत काय आहे सांगू का..."

त्याने सांगितली. पुष्कळ वेळ सांगितली. ओपलने फोन कधी ठेवला, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

ओपल स्वतः काही पहिल्या दिवशी जत्रेला आली नाही. तिची केस बसवून घ्यायची वेळ ठरलेली होती, आणि केस बसवल्याशिवाय ओपल चारचौघांत पाऊल टाकत नसे, मग जत्रा असो की मयत. एकदा बसवले, की वादळात गावाची छपरं उडाली तरी ओपलचा एक केस हलायचा नाही.

बुधवारी सकाळी जनावरं आत आली. डुकरांच्या शेडमध्ये ऊन असं, की पत्र्यावर बसलेल्या चिमण्या एका पायावर उभ्या राहून पाय बदलत होत्या. हॅडलीने कप्प्यात भुसा पसरला, पाण्याचं घमेलं भरलं, व्हर्ननला आत घातलं आणि सामानाची लाकडी पेटी रांगेत नेऊन ठेवली. सगळ्या पोरांच्या पेट्या तशाच, सगळ्या त्याच रांगेत.

डेल्बर्टने ताबडतोब रांगेची पाहणी सुरू केली आणि थोड्याच वेळात पाईच्या दुकानात लव्हॉनपुढे हजर झाला. जाकिटाखाली काहीतरी लपवलेलं.

"लव्हॉन, मागे कुणी आहे का बघ."

"मागे ओव्हन आहे."

त्याने जाकिटाखालून कॉफीचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण किंचित उचललं. आत लाल पूड.

"डुकरांच्या पेट्यांत मिळाला. वर नाव नाही, गाव नाही. लाल पूड! सज्जन माणूस लाल पूड बाळगतो का?"

"बघू, वास घेऊ दे."

"पुराव्याला हात लावायचा नाही!" त्याने डबा छातीशी धरला. "हा श्राडरांचा उद्योग आहे. डुएन श्राडरची पोरं दर वर्षी पहिली येतात, ते काय उगीच? ही पूड आता माझ्या ताब्यात. एक मोठा गुन्हा मी व्हायच्या आधीच थांबवलाय."

आणि डबा घेऊन तो पार्किंगच्या आपल्या छत्रीखाली गेला. लव्हॉनला आंबट रुबार्बच्या आठ पाई ओव्हनमधून काढायच्या होत्या, म्हणून तिने तो विषय तिथेच सोडला.

संध्याकाळी हॅडली धावत आली. सरावाच्या काट्यावर व्हर्नन दोनशे एकवीस भरला होता.

"आजी, सहा पौंड! सकाळपासून सहा पौंड गेले! खाणंही टाकलंय त्याने. मी तक्त्याप्रमाणेच देतेय गं!"

"पाणी पितोय का?"

"घमेलं भरलं की तासाभरात रिकामं. तिसऱ्यांदा भरलं."

मागे डेल्बर्ट येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं, की लव्हॉनने हातातली पाई खाली ठेवली.

"चोरी," तो हळूच म्हणाला. "वजनाची चोरी. जिवंत डुकराच्या अंगावरून, दिवसाढवळ्या. लव्हॉन, असं प्रकरण मला आयुष्यात एकदाच मिळणार."

"आजोबा, उद्या संध्याकाळी खरं वजन आहे," हॅडली म्हणाली.

"उद्या संध्याकाळपर्यंत चोर बेड्यांत असेल."

"मला चोर नकोय. मला पौंड पाहिजेत."

आता डेल्बर्टचा पहिला संशय काट्यावर. जन्मभर काट्याशी बसलेला माणूस, तो दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास कसा ठेवणार? गुरुवारी सकाळी तो सरावाच्या काट्यावर स्वतः चढला. आकडा बघितला. उतरला, जाकीट काढलं, शिट्टी काढली, पुन्हा चढला.

"काटा खोटा आहे!" तो गरजला. "या काट्याशी कुणीतरी खेळलंय!"

शेडची मुख्य ग्लेंडा म्हणून एक बाई होती, हातात कायम शिट्टी आणि तोंडात सूर्यफुलाच्या बिया. तिने न बोलता खाद्याचं पन्नास पौंडांचं पोतं उचलून काट्यावर टाकलं. काटा पन्नासावर येऊन उभा राहिला. ग्लेंडाने डेल्बर्टच्या पोटाकडे एकदा बघितलं, एक साल थुंकलं आणि निघून गेली.

"पोत्याला तो घाबरतो," डेल्बर्ट लव्हॉनला म्हणाला. "माणसाला बघून चढतो."

"रुबार्ब पाई कमी खा."

दुसरा संशय, डुक्कर बदललंय. हॅडलीने लाख सांगितलं की व्हर्ननच्या डाव्या कानात बिल्ला आहे, नंबर तोच आहे. डेल्बर्ट म्हणाला, बिल्ले बदलता येतात, स्वभाव बदलता येत नाही. तो कप्प्यापुढे उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "बाबा?"

व्हर्नन भुशात तोंड खुपसून पडला होता. त्याने मान वर केली नाही.

"तोच आहे," डेल्बर्ट म्हणाला आणि पुन्हा टोपी डोक्यावर ठेवली.

तिसरा संशय मात्र त्याला स्वतःलाच इतका आवडला, की तो सांगताना दोनदा खाली बसला. डुएन श्राडरच्या कप्प्यांसमोर एक पंखा होता. पंखा कसला, विमान उडवायचं यंत्र! त्याचा झोत श्राडरांची डुकरं ओलांडून थेट व्हर्ननच्या अंगावर.

"कपडे वाळत घातले की हलके होतात की नाही?" डेल्बर्ट म्हणाला. "का? वारा. वाऱ्याने वजन जातं. डुएन त्या पोरीचं डुक्कर वाळवतोय, लव्हॉन! दोरीवरच्या टॉवेलसारखं!"

"मग त्याची स्वतःची डुकरं?"

"ती आधीच वाळलीत."

ती नव्हती वाळलेली. सोफ्याएवढी होती. पण डेल्बर्ट ताडताड गेला आणि डुएनच्या समोर उभा राहिला. डुएन उंच, सुस्त माणूस, चेहऱ्यावर काही हलायचं म्हणजे आधी अर्ज द्यावा लागेल असा.

"डुएन, पंखा."

"हो. पंखा."

"मला सगळं कळलंय."

"बरं झालं. मला त्याची गती कमी करायचं बटण सापडत नाहीये. कुठंय?"

डेल्बर्टने त्याच्याकडे रोखून बघितलं. डुएनने रोखून घेतलं. मग डुएन म्हणाला, "तुमच्या पोरीचं डुक्कर मलूल दिसतंय. वारं लागू दे म्हणून मी काल तिकडे वळवला तो. बंद करू का?"

"हे बघ, गुन्हेगार नेहमी मदत करायला येतो," परत येताना डेल्बर्ट म्हणाला.

"मग तू कोण?" लव्हॉनने विचारलं.

तो आपल्या पाण्याच्या जगमधून घटाघटा प्यायला. त्या दोन दिवसांत जत्रेतलं पाणी सगळ्यांना नकोसं झालं होतं. गावाच्या नळाचं पाणी, पोहण्याच्या तलावासारखा वास मारणारं. शेतावरच्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं ते तोंडात घेऊन वेडीवाकडी तोंडं करत. डेल्बर्ट मात्र जगच्या जग रिचवत होता. लव्हॉनला तेव्हा एक गोष्ट दिसली, पण ती नीट पोचली नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या मिशीला कडेने लाली आली होती. ऊन लागलं असेल, तिने मनाशी म्हटलं. मिशीला ऊन लागतं का, हा विचार पुढे करायला तिला सवड नव्हती.

दुपारी व्हर्नन दोनशे चौदा.

हॅडली आता रडतही नव्हती. ती कप्प्यात भुशावर बसली होती, डुकराचं डोकं मांडीवर, आणि हाताने त्याच्या कानामागे खाजवत होती. तिकडे क्रेग कुंपणाला टेकून उभा होता. त्याचा हात खिशात होता. त्या खिशात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही बरं वाटत नव्हतं, पण शब्द तो शब्द.

"आता एकच मार्ग," डेल्बर्ट म्हणाला. "पाळत."

तो व्हर्ननच्या शेजारच्या रिकाम्या कप्प्यात गवताच्या ढिगात शिरला. फक्त डोळे आणि टोपी बाहेर. चोर आला की झडप. लव्हॉनला त्याने बाहेर पहाऱ्याला उभं केलं. थोड्याच वेळात ढिगातून घोरण्याचा आवाज यायला लागला. आजूबाजूच्या डुकरांनी कौतुकाने कान टवकारले. व्हर्ननने उठून, फळीच्या फटीतून मुस्काट घालून, डेल्बर्टची टोपी ओढून घेतली आणि चघळायला लागला. कालपासून त्याने एवढी एकच गोष्ट मनापासून खाल्ली होती.

"कोण मेलंय तिथे?" ऊन कलल्यावर मागून आवाज आला.

ओपल. हातात काठी, अंगात फुलांचा झगा, केस जागच्या जागी. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पण अशी चालत आली की ग्लेंडासुद्धा बाजूला झाली.

"कुणी नाही, सासूबाई. तुमचा मुलगा. तपास चाललाय." लव्हॉनने थोडक्यात सगळं सांगितलं. वजन, काटा, बिल्ला, पंखा.

ओपलने डेल्बर्टकडे बघितलंसुद्धा नाही. ती कप्प्यात वाकली. आधी डुकराकडे, मग जमिनीकडे. काठीचं टोक तिने भुशात खुपसलं. पचपच आवाज आला.

"हॅडली, बाळ, हा भुसा ओला कशानं?"

"तो घमेलं पालथं करतो गं पणजी. मग त्यात लोळतो."

"म्हणजे पाणी आहे कुठे?"

"घमेल्यात... खाली."

"डुकराच्या पोटात सोडून सगळीकडे," ओपल म्हणाली. "हा काल सकाळपासून प्यालाच नाहीये, पोरी. न प्यायलेलं डुक्कर खात नाही, आणि न खाल्लेलं डुक्कर वजन कसं धरणार? याला नळाचं पाणी चालत नाही. ते तर मी आधीच ओळखलं होतं. माझा डबा कुठंय?"

"कुठला डबा?"

"लाल. कॉफीचा डबा. तुझ्या पेटीत ठेवला होता मी."

आता लव्हॉनच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. डबा, जग, मिशी. ती गवताच्या ढिगाकडे वळली.

"डेल्बर्ट! ऊठ!"

"पकडला!" म्हणत डेल्बर्ट उठला आणि त्याने स्वतःचाच पाय धरला.

"डेल्बर्ट," ओपल म्हणाली, "जीभ काढ."

"आई, लोक बघतायत."

"जीभ."

त्याने काढली. नुसती लाल नव्हे, रंगपेटीतला सगळ्यांत भडक लाल. शेजारच्या कप्प्यातली दोन पोरं फिदीफिदी हसली. डुएन श्राडरच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"पुराव्याची तपासणी करावी लागते," डेल्बर्ट खाली बघत म्हणाला. "आधी बोटाने जरा चाखून बघितलं. विष असलं तर कळायला नको? मग वाटलं, विष हळूहळू चढणारं असेल. म्हणून पाण्यातून. म्हणून... वारंवार."

"आणि कसं लागलं?" लव्हॉनने विचारलं.

"स्ट्रॉबेरी."

"सरबताची पूड आहे ती!" ओपल म्हणाली. "तीन आठवडे मी रोज संध्याकाळी याच्या पाण्यात चमचाभर घालत होते. घरी तीच चव, जत्रेत तीच चव. नळाचा वास त्याला कळलाच नसता. मी तुला फोनवर सांगत होते, तर तू मला तुझी पद्धत सांगत बसलास!"

"पणजी!" हॅडली उठून उभी राहिली. "तू माझ्या डुकराला साखर घालत होतीस? माझा तक्ता..."

"तुझ्या तक्त्यात पाण्याचा रकानाच नाही, बाळ. मी बघितला होता."

हॅडली पणजीच्या गळ्यात पडली. केसांना हात न लावता, कारण तेवढी अक्कल घरात सगळ्यांना होती.

पण वेळ कुठे होता? बाहेर ग्लेंडाची शिट्टी वाजली. वजनं सुरू झाली होती. लव्हॉन धावली, पार्किंगच्या छत्रीखालून डबा घेऊन आली. आत काय उरलं असेल? बुडाला एक लाल पापुद्रा. डेल्बर्टने दोन दिवसांत डुकराचं आठवड्याचं सरबत संपवलं होतं. ओपलने डबा बादलीतल्या पाण्यात बुडवून खडखडून विसळला. पाणी जेमतेम गुलाबी झालं. व्हर्ननने वास घेतला, आणि तोंड फिरवलं.

"फिकं आहे," ओपल म्हणाली.

मग डेल्बर्टने पाळतीसाठी गवतात लपवलेला आपला जग बाहेर काढला. तो काठोकाठ भरलेला होता. पाळतीला बसण्यापूर्वीच कालवलेला, घट्ट, लालजर्द, बर्फ टाकून. त्याने एकदा जगकडे बघितलं, एकदा हॅडलीकडे, एकदा व्हर्ननकडे. आणि मग त्याने जग बादलीत उपडा केला. माणसाने स्वतःचं रक्त द्यावं तसा चेहरा झाला होता त्याचा.

व्हर्ननने बादलीत मुस्काट घातलं, ते पुन्हा वर आलंच नाही. घराला आग लागली असती तरी. सुर्रर्र, सुर्रर्र. बादली चाटून कोरडी झाली, तेव्हा त्याच्या पोटाची बाजू डफासारखी फुगली होती.

"बादलीभर पाणी म्हणजे किती?" क्रेगने कुंपणावरून विचारलं. तो आता वाकून बघत होता.

"सात-आठ पौंड सहज," डेल्बर्ट म्हणाला. काट्याचा माणूस तो, एवढं बरोबर सांगितलं.

"तर मग बसतंय. फक्त..."

फक्त. सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार आला. पोटात गेलेलं पाणी पोटात राहत नाही. डुक्कर ते कुठेही, केव्हाही सोडून देतं, आणि माफी मागत नाही. आणि समोर काट्यापर्यंत डुकरांची ही भलीमोठी रांग. पोरं काठ्या घेऊन, डुकरं तिरपी-तारपी, एक मागे फिरतंय, दोन भांडतायत.

"आता काय करायचं?" हॅडली म्हणाली. व्हर्ननने मागचे पाय जरा फाकवले. सगळे एक पाऊल मागे सरले. त्याने पुन्हा जवळ घेतले.

आणि इथे, बरं का, डेल्बर्टने आयुष्यात पहिल्यांदा तपास सोडून आपल्याला येतं ते काम केलं. शिट्टी तोंडात घातली. झेंडी वर केली. रांगेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"ठिपक्यांचं डुक्कर, डावीकडे! पांढरं, थांब! तू, लाल शर्ट, मागे घे, मागे, अजून मागे, बास! डुएन, फाटक धर! हॅडली, सरळ ये, मधून ये, थांबू नको!"

आणि काय सांगू, रांग फाटली. मक्याच्या हंगामात ट्रकांच्या रांगा हलवलेला माणूस, त्याच्यापुढे डुकरं काय? पोरं बाजूला झाली, डुएनने फाटक उघडं धरलं, आणि व्हर्नन मान वर करून, हॅडलीच्या काठीच्या टोकाला, बारशाला निघालेल्या पाहुण्यासारखा डोलत डोलत काट्यावर चढला. त्याचे डोळे जरा ताणलेले होते.

"उभा राहू दे," ग्लेंडा म्हणाली. आकडा हलला. वर, खाली, वर. "थांब रे. थांब." आकडा थांबला. ग्लेंडाने बिया चघळणं थांबवलं.

"दोनशे एकवीस. पास. पुढचं."

आणि 'पुढचं' म्हणायचा अवकाश, व्हर्ननने सोडलं. काट्यावर, उतारावर, ग्लेंडाच्या बुटांवर. इतका वेळ, की मागच्या पोराने आपलं डुक्कर दोनदा वळवलं. त्यानंतर वजन घेतलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायला कुणी गेलं नाही.

क्रेग कुंपण ओलांडून आला. त्याने खिशातून मोजपट्टी काढली, हातात घोळवली आणि हॅडलीला दिली.

"दार रुंद करायला लागेल," तो म्हणाला. "शेडचं. जुनं अरुंद आहे. माप घेऊन ये."

तिने पट्टी पँटच्या खिशात घातली आणि डुकराच्या पाठीवरचा भुसा झाडत राहिली, बराच वेळ, भुसा नसलेल्या जागीसुद्धा.

शुक्रवारच्या रिंगणात व्हर्नन त्याच्या गटात सहापैकी पाचवा आला. पहिला श्राडरांचा, सोफ्याएवढा. हॅडली बाहेर आली ती अशी, जणू बाकीचे सगळे तिच्या मागे राहिले होते.

डेल्बर्ट आपल्या छत्रीखाली. नारिंगी जाकीट, झेंडी, चघळलेली टोपी.

"डेल्बर्ट ऑसेनकॉप. वजनाची चोरी उघडकीस आणणारा. माल परत मिळाला, एकही पौंड कमी नाही. तुमचा ट्रक उजवीकडे घ्या."

"आणि चोर?" एका ट्रकवाल्याने विचारलं.

"चोराने सहकार्य केलं," डेल्बर्ट गंभीरपणे म्हणाला. "त्याला आम्ही ताकीद देऊन सोडलं."

सावलीत खुर्चीवर बसलेल्या ओपलने लव्हॉनच्या कानाशी तोंड नेलं. "याचे वडीलही असेच होते बघ. लग्न झाल्यावर काही वर्षं आम्ही गावात राहायला आलो, तर नळाचं पाणी तोंडाला लावेनात. मी गुपचूप चमचाभर पूड घालायची. मरेपर्यंत सांगत फिरले, आमच्या गावच्या पाण्याला काय गोडी आहे म्हणून." तिने पिशवीतून एक नवा डबा काढून लव्हॉनच्या मांडीवर ठेवला. "हा आता तुझ्याकडे."

तेवढ्यात डेल्बर्ट जग घेऊन नळाकडे गेला, भरला, एक घोट घेतला आणि तोंड असं केलं, की येणारा ट्रक आपणहून थांबला. जग तसाच छत्रीखाली ठेवून तो गाडी लावायला वळला. लव्हॉनने इकडेतिकडे बघितलं, झाकण उघडलं, चमचाभर घातलं, ढवळलं.

डेल्बर्ट परत आला. प्यायला. थबकला. पुन्हा प्यायला. मिशी पुसून म्हणाला, "लव्हॉन, पाणी सुधारलंय. बघितलंस? मी कमिटीकडे तक्रार केली होती."

"हो," लव्हॉन म्हणाली. "मला वाटलंच, तूच असशील."